लखोट्याचे बहिरंग : तिकीटसंग्राहक मंडळे आणि बारामती–इंदापूरचा टपाल-इतिहास

मराठ्यांच्या इतिहासाच्या संशोधनात पत्राला जे अग्रस्थान मिळाले आहे, ते दुसऱ्या कोणत्याही साधनाला मिळालेले नाही. वि. का. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या ग्रंथमालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध झाला. १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. आणि तेव्हापासून माळ्यावरचे, कोनाड्यातले, वाळवीने अर्धे खाल्लेले पत्रही जपून ठेवण्याची, त्याची नक्कल करण्याची व ते छापण्याची एक शिस्त महाराष्ट्रात रुजली. या शिस्तीचा एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. मराठेशाहीतील पत्रावर पत्र हाती आल्याची मिती घरचा कारकून टिपून ठेवी. संपादकांनी ही पैवस्तीची नोंद कटाक्षाने छापली, कारण पत्र लिहिल्याची मिती व ते पोहोचल्याची मिती यांतील अंतरावरून जासूद-कासिदांच्या वाटा, मुक्काम आणि वेग यांचा अदमास करता येतो. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर हेच काम सरकारी टपालाचा तारखेचा शिक्का करू लागला आणि त्या शिक्क्याकडे मात्र संशोधकांचे लक्ष गेले नाही. पत्र ठेवले गेले, लखोटा टाकला गेला. छापील संग्रहांत १८५४ नंतरच्या कौटुंबिक पत्रांची मिती व मजकूर सापडतो. ते कोणत्या डाकघरातून निघाले, कोठून गेले, किती हशील पडले, हे बहुधा सापडत नाही.

राजवाड्यांच्या पहिल्या खंडाच्या आदल्याच वर्षी, म्हणजे १८९७ साली, कलकत्त्यास एक निराळी संस्था निघाली होती. ‘फिलाटेलिक सोसायटी ऑफ इंडिया’ हे तिचे नाव. तिलाही जुनी पत्रेच हवी होती; फक्त तिला आतला कागद नको होता, बाहेरचे तिकीट हवे होते. एकाच घरातील एकाच गाठोड्याकडे दोन प्रकारची माणसे दोन वेगळ्या लोभांनी पाहत होती आणि त्यांची गाठ पडली नाही. जे मंडळ संग्राहकाला सभासद करून घेते, ते त्याला काय राखायचे व काय फेकायचे हेही शिकविते. म्हणून अशा मंडळांचा इतिहास हा केवळ एका छंदाचा इतिहास राहत नाही. कोणती साधने उरली आणि कोणती नष्ट झाली याचा तो इतिहास होतो. बारामती व इंदापूर या पुणे जिल्ह्यातील दोन तालुक्यांपुरता हा प्रश्न येथे तपासावयाचा आहे.

तिकिटे जमविण्याची हौस ही तिकिटांइतकीच जुनी. इंग्लंडात १८४० च्या मे महिन्यात पहिले चिकट तिकीट निघाले आणि वीस-पंचवीस वर्षांतच या हौसेला शास्त्राचे नाव मिळाले. ‘फिलाटेली’ हा शब्द फ्रेंच संग्राहक जॉर्ज एर्पँ याने १८६४ साली एका नियतकालिकात प्रथम योजिला. लंडनची फिलाटेलिक सोसायटी १८६९ साली निघाली. तीच पुढे ‘रॉयल’ झाली. घरात बसून एकट्याने करता येण्यासारख्या या उद्योगाला मंडळाची गरज का भासावी, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. पहिले कारण व्यवहाराचे होते. एकाच तिकिटाच्या दोन-चार प्रती प्रत्येकाजवळ साचत आणि त्या कोणास तरी देऊन नवे घ्यावे लागे. यासाठी मंडळांनी अदलाबदलीच्या पाकिटांची पद्धत बसविली. सभासदाने आपली जादा तिकिटे लहान वहीत लावून प्रत्येकाखाली किंमत लिहावी. चिटणिसाने अशा वह्या एकत्र करून ठरलेल्या क्रमाने एका सभासदाकडून दुसऱ्याकडे पाठवाव्यात. घेणाऱ्याने तिकीट काढून घेऊन रिकाम्या जागी आपली खूण करावी. आणि शेवटी चिटणिसाने हिशेब मिटवावा. ही पद्धत पूर्णतः विश्वासावर चाले. म्हणूनच नव्या सभासदाला जुन्या सभासदांची शिफारस लागे आणि प्रवेशाचे नियम कडक असत. पाकीट अडवून ठेवणारा किंवा चांगले तिकीट काढून तेथे वाईट लावणारा एक सभासद सारी साखळी मोडू शकत असे.

दुसरे कारण खोट्या तिकिटांचे. तिकिटाला बाजारात किंमत येताच त्याची नक्कल होऊ लागली, आणि नक्कल ओळखण्यासाठी अस्सल नमुने शेजारी ठेवून पाहण्याखेरीज इलाज नव्हता. एवढे नमुने एका माणसाजवळ असणे अशक्य. भारतातील देशी संस्थानांच्या तिकिटांबाबत ही अडचण फार तीव्र होती. त्यांतील अनेक तिकिटे हाती कोरलेल्या ठशांनी, साध्या कागदावर, संस्थानच्याच छापखान्यात निघत. पुणे जिल्ह्याला लागून असलेल्या व आज त्याच जिल्ह्याचा भाग असलेल्या भोर संस्थानाचे उदाहरण जवळचे आहे. भोरची अर्धा आणा व एक आणा किमतीची ठशाने उमटविलेली तिकिटे १८७९ सालची. पंत सचिवांचे चित्र असलेले अर्ध्या आण्याचे तिकीट १९०१ सालचे. ज्या नीरेच्या खोऱ्यात, भाटघरला धरण बांधून, बारामती-इंदापूरच्या कालव्याचे पाणी अडविण्यात आले, त्याच खोऱ्यातले हे संस्थान. त्याच्या हद्दीत चालणारे हे चिमुकले ठसे युरोपातील संग्राहकांच्या यादीत जाऊन बसले. संस्थानी तिकिटांना परदेशात गिऱ्हाईक आहे हे लक्षात आल्यावर टपालापेक्षा संग्राहकांसाठीच तिकिटे काढण्याचा मोह कित्येकांना झाला. हा मोह केवळ हिंदुस्थानातील संस्थानांचा नव्हता. जगभर तो इतका बोकाळला की अशा सट्टेबाज तिकिटांवर बहिष्कार घालण्यासाठी १८९५ साली लंडनमध्ये एक स्वतंत्र संस्थाच निघाली होती.

सरकारी तिकिटांची भारतीय परंपरा त्याहून जुनी. सिंधचे कमिशनर बार्टल फ्रिअर यांनी १ जुलै १८५२ रोजी ‘सिंद डाक’ची उठावाची तिकिटे सुरू केली, आशियातील ती पहिली होत. हेच फ्रिअर पुढे १८६२ ते १८६७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. १ ऑक्टोबर १८५४ पासून कंपनीच्या सर्व मुलखासाठी एकच टपालव्यवस्था आणि एकच दर झाला. पाव तोळा वजनाच्या पत्राला अर्धा आणा, मग ते जवळच्या गावी जावो की पेशावरला जावो. त्यापूर्वी अंतरावर हशील आकारले जाई. कलकत्त्यास थुइलियर यांच्या देखरेखीखाली दगडी छापावर निघालेल्या अर्धा आणा, एक आणा व चार आणे या तिकिटांचा अभ्यास हाच पुढे कलकत्त्याच्या सोसायटीचा मुख्य विषय झाला.

या सोसायटीच्या आरंभीच्या मंडळींची नावे पाहिली म्हणजे तिचे स्वरूप ध्यानात येते. लाहोरचे डेव्हिड मॅसन हे तिचे अध्यक्ष, सी. स्टुअर्ट-विल्सन हे टपाल खात्यातले सनदी अधिकारी, पुढे १९०६ पासून काही वर्षे त्या खात्याचे डायरेक्टर-जनरल. सोसायटीचे ‘फिलाटेलिक जर्नल ऑफ इंडिया’ इंग्रजीत, तिची पुस्तके इंग्रजीत, तिचा वाचक बंगल्यातला, क्लबातला, लष्करी छावणीतला. ज्याने छापखान्याचे व खात्याचे कागद पाहावे तोच मंडळाचा चालक असल्यामुळे संशोधनाचा दर्जा फार वर गेला. हॉसबर्ग, स्टुअर्ट-विल्सन व क्रॉफ्टन यांनी १९०७ साली सोसायटीसाठी लिहिलेला ब्रिटिश हिंदुस्थानच्या टपाल व तार तिकिटांवरील ग्रंथ आजही बाजूस सारता येत नाही. परंतु मोफसलच्या तालुक्यातील मराठी शिक्षकाला, वकिलाला किंवा पोस्टमास्तरला या दालनात जागा नव्हती. नियमांनी ती नाकारली होती असे नव्हे, भाषेने, वर्गणीने आणि अंतराने ती आपोआप नाकारली गेली. पुण्याच्या मंडळात ज्याला संस्कृत व मोडी येते त्याला मान होता. कलकत्त्याच्या मंडळात ज्याच्याजवळ चार आण्यांचे, राणीचे मस्तक उलटे छापलेले तिकीट आहे त्याला मान होता.

तिकिटाची किंमत कागदापासून सुटल्यावर वाढते, ही समजूत या काळात सर्वत्र दृढ होती. तिकीट पाण्यात भिजवावे, गोंद सुटला की ते टिपकागदावर वाळवावे, आणि बिजागरी लावून वहीत चिकटवावे, हाच बालबोध धडा. लखोटा हा त्या धड्यात टरफलासारखा होता. त्यामुळे जे नुकसान झाले त्याचे स्वरूप समजण्यासाठी जुन्या टपालाच्या शिक्क्यांची रचना थोडी तपशिलाने पाहिली पाहिजे.

१८५४ नंतर लवकरच तिकीट पुन्हा वापरले जाऊ नये म्हणून ते रद्द करण्यासाठी निरनिराळ्या डाकघरांना क्रमांकाचे शिक्के देण्यात आले. ठिपक्यांच्या किंवा रेघांच्या चौकोनात एक आकडा, एवढेच त्यावर असे. मुंबई, बंगाल व मद्रास या विभागांचे आकडे स्वतंत्र. त्यामुळे एकच आकडा तिन्हीकडे आढळे. गावाचे नाव व तारीख दाखविणारा शिक्का वेगळा असे आणि तो तिकिटावर नव्हे, तर लखोट्याच्या दुसऱ्या भागावर किंवा पाठीमागे मारला जाई. आता तिकीट कापून काढले की हाती राहतो तो केवळ आकडा. तो आकडा कोणत्या गावचा हे सांगणारा नावाचा शिक्का केराच्या टोपलीत गेलेला असतो. अशा आकड्यांची गावे ठरविण्याचे काम पुढे संग्राहकांनीच केले, आणि ते करण्याची रीत एकच होती: अखंड राहिलेला लखोटा शोधावा, त्यावरचा आकडा व नाव जुळवावे, दुसऱ्या सभासदाजवळचा तसाच लखोटा मागवून ताडून पाहावा. एका लखोट्यावरून काढलेले अनुमान लटके पडू शकते, कारण शिक्के एका डाकघरातून दुसऱ्याकडे बदलून जात. चार-पाच लखोटे एकमत झाले म्हणजे मग गाव निश्चित. नावाचा व रद्द करण्याचा असे दोन्ही शिक्के एकाच दांड्यावर बसविण्याची पद्धत सर्रास रूढ झाल्यावर ही अडचण पुष्कळशी कमी झाली; परंतु तोवर वीस वर्षांचे लखोटे निघून गेले होते.

एकट्या माणसाच्या आवाक्याबाहेरचे असे हे काम आहे. म्हणूनच मंडळाचे तिसरे आणि इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे प्रयोजन त्यातून निर्माण झाले. याच कामामुळे संग्राहकांना लखोट्याची किंमत कळली. मुंबईचे पारशी तिकीटव्यापारी जाल कूपर यांनी आपल्या ‘इंडियाज स्टॅम्प जर्नल’ या मासिकातून व पुस्तकांतून, विशेषतः भारतातील आरंभीच्या रद्द-शिक्क्यांवरील पुस्तकातून, ही दृष्टी सामान्य संग्राहकापर्यंत नेली. व्यापाऱ्याने संशोधन करावे ही गोष्ट विद्यापीठीय मंडळींना किंचित खटकते. पण ज्याला लखोटा विकावयाचा आहे त्याला तो जपणे भाग असते, आणि ज्या वाड्यात संशोधकाला दारातून परत पाठविले जाते तेथे पैसे देणाऱ्याला आत घेतात, हेही खरे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘टपाल-इतिहास’ हा तिकीटसंग्रहापासून स्वतंत्र विभाग म्हणून प्रदर्शनांत स्थिर झाला, तो या पार्श्वभूमीवर.

आता बारामती व इंदापूरकडे वळले असता या प्रश्नाचे गांभीर्य स्पष्ट होते. आर्थिक इतिहासाच्या अभ्यासकांना हे दोन तालुके अपरिचित नाहीत. प्रिंगल यांची जमाबंदी फसल्यावर गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३६ साली नव्या पाहणीचा आरंभ केला तो इंदापूर तालुक्यात. मुंबई इलाख्यातील रयतवारीची पुढची सारी इमारत या पायावर उभी आहे. १८३७ च्या कायद्याने टपालाचा मक्ता सरकारने स्वतःकडे घेतला तो त्याच सुमारास, म्हणजे जमिनीची मोजणी आणि पत्रांची ने-आण ही दोन्ही कामे येथे जवळजवळ एकदमच नव्या सरकारी शिस्तीखाली आली. या काळच्या पत्रांवर तिकीट नाही, कारण तिकीटच निघालेले नव्हते. हशिलाचा आकडा हाताने लिहिलेला, एखादा तांबडा-काळा शिक्का, बस्स. तिकिटे जमविणाऱ्याने अशा पत्राकडे ढुंकूनही पाहिले नाही. आणि मोडीच्या अभ्यासकाने आतल्या मजकुराची नक्कल करताना त्या आकड्याची नोंद केली नाही.

१८५८ च्या अखेरीस ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा पुण्याहून पूर्वेकडे जाणारा फाटा भीमेकाठच्या डिकसळपर्यंत पोहोचला, आणि पुढील वर्षी तो बार्शी रोडकडे सरकला. लोहमार्ग इंदापूर तालुक्याच्या उत्तर कडेने गेला. खुद्द इंदापूर आणि बारामती ही गावे त्यापासून दूर राहिली. अर्थात पत्राचा काही प्रवास गाडीने व उरलेला रस्त्याने होऊ लागला. बारामतीला दौंडहून अरुंद रुळांची गाडी यावयास १९१४ साल उजाडले. या साठ वर्षांत दोन तालुक्यांच्या बाजारपेठा कशा बदलल्या, कोणते गाव रेल्वेमुळे जवळ आले आणि कोणते दूर पडले, हे सांगणारा पुरावा महसुलाच्या अहवालांत सापडतो तो सरकारच्या नजरेतून. एका बारामतीकर व्यापाऱ्याच्या शंभर लखोट्यांवरील निघाल्याच्या व पोहोचल्याच्या तारखा एका तक्त्यात मांडल्या, तर तोच पुरावा व्यापाऱ्याच्या बाजूने मिळू शकतो. असे शंभर लखोटे एका जागी अखंड राहिले तरच हे शक्य आहे, आणि मासिकांतल्या धड्याने ते कात्रीखाली आणले.

बैरंग पत्रांची गोष्ट याहून बोलकी आहे. तिकीट न लावता पत्र टाकले तर घेणाऱ्याकडून दुप्पट हशील वसूल होई. तरीही पुष्कळ लोक पत्र मुद्दाम नॉटपेड पाठवीत. टपालवाल्याला पैसे वसूल करावयाचे असल्यामुळे तो पत्र नक्की पोहोचवील, असा त्यांचा हिशेब असे. सरकारी यंत्रणेवर जनतेचा भरवसा किती होता, याचे यापेक्षा चांगले माप क्वचितच सापडेल. पण बैरंग लखोट्यावर तिकीट नसते. म्हणून तिकिटांच्या वहीत त्याला स्थान नव्हते, आणि आतला मजकूर घरगुती म्हणून इतिहासाच्या वहीतही नव्हते.

१२ मे १८७५ रोजी सुपे येथे, म्हणजे तेव्हाच्या भीमथडी तालुक्यात व आजच्या बारामती तालुक्यात, सावकारांविरुद्धचा दंगा पेटला आणि तेथून तो पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. शेतकऱ्यांचा रोख सावकाराच्या जिवावर फारसा नव्हता. तो त्याच्या कागदांवर होता. कर्जरोखे व वह्या बाहेर काढून जाळण्यात आल्या. मराठीत ‘मुद्रांक’ हा शब्द रोख्याच्या सरकारी शिक्क्याला लागतो आणि पत्रावरच्या तिकिटालाही कधीकधी लावला जातो. या भागात पहिल्या प्रकारचे मुद्रांक क्रोधाने जळाले आणि दुसऱ्या प्रकारचे हौसेने कापले गेले, असे म्हटल्यास शब्दांचा खेळ वाटेल, पण दोन्हीकडे हरवले ते दप्तरच. दंग्यानंतर चारच वर्षांनी, १८७९ साली, एकीकडे दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि त्याच वर्षीच्या १ जुलैपासून पाव आण्याचे पोस्टकार्ड सुरू झाले. कार्डामुळे लिहिण्याचा खर्च निम्मा झाला. इतिहासकाराच्या दृष्टीने तर कार्ड हे आदर्श साधन होय: मजकूर, पत्ता, तिकिटाचा छाप, निघाल्याचा शिक्का व पोहोचल्याचा शिक्का एकाच कागदावर, लखोटा हरवण्याची भीतीच नाही. आणि तरीही आरंभीच्या संग्राहकांनी कार्डावरचा छापील तिकिटाचा चौकोन तेवढा कापून वहीत लावला. लखोट्याच्या बाबतीत निदान आतले पत्र उरे. येथे कात्रीने पाठीमागच्या चार ओळीही नेल्या.

१८८० नंतरच्या दशकात नीरेचा डावा कालवा वाहू लागला, ऊस आला, आणि १९३० नंतर इंदापूर तालुक्यात कळंबजवळ वालचंद हिराचंद यांच्या साखर कारखान्याभोवती वालचंदनगरची वसाहत उभी राहिली. ओसाड माळावर कामगार, रसायनज्ञ, यंत्रज्ञ, कारकून निरनिराळ्या प्रांतांतून आले की त्यांच्यामागून त्यांची पत्रे येतात. अशा वसाहतीत कोणत्या गावांहून पत्रे येत, कोणत्या भाषांत पत्ते लिहिलेले असत, मनीऑर्डरी कोठे जात, यावरून स्थलांतराचा जो नकाशा काढता येईल तो जनगणनेच्या तक्त्यांतून निघत नाही. दोन महायुद्धांतील सैनिकांच्या पत्रांचेही तसेच. त्यांवर गावाचे नाव नसून रणक्षेत्रीय डाकघराचा आकडा असतो. १८५५ च्या सुमाराचे ते जुने कोडे येथे नव्या रूपात पुढे येते व पुन्हा संग्राहकांच्या तुलनेवाचून सुटत नाही.

स्वातंत्र्यानंतर मंडळांची सूत्रे बंगल्यातून शाळेकडे आली. २१ नोव्हेंबर १९४७ रोजी स्वतंत्र भारताचे पहिले तिकीट निघाले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी गांधीजींची चार तिकिटे निघाली, त्यांतले एक दहा रुपयांचे, म्हणजे त्या वेळच्या मुलाच्या खिशाला सर्वथा अशक्य. १ ऑक्टोबर १९५४ रोजी तिकिटांची शताब्दी साजरी झाली. १८ एप्रिल १९५८ रोजी धोंडो केशव कर्वे यांच्या शंभराव्या वाढदिवशी त्यांचे तिकीट निघाले. हयात भारतीय व्यक्तीचा हा पहिलाच मान. २००४ साली वालचंद हिराचंद यांचेही तिकीट निघाले, आणि इंदापूर तालुक्यातील एका वसाहतीचे नाव ज्यांच्यावरून पडले ते तिकिटाच्या चौकोनात आले. ही तिकिटे टपाल खात्याने संग्राहकांसाठी मोठ्या डाकघरांतून स्वतंत्र खिडकीवर विकावयास आरंभ केला, आणि ठेव-खात्याची पद्धत सुरू केली. दोनशे रुपये भरून खाते उघडावे, म्हणजे नवी तिकिटे आपोआप घरपोच येतात. यात खात्याचा स्वार्थ उघड आहे. वहीत राहिलेल्या प्रत्येक कोऱ्या तिकिटाचे पैसे खात्याला मिळतात आणि त्याबद्दल एकही पत्र पोहोचवावे लागत नाही. भोरच्या दरबाराला किंवा लंडनच्या बहिष्कारवाल्यांना हा हिशेब नवा वाटला नसता.

३ नोव्हेंबर २०१७ रोजी टपाल खात्याने ‘दीनदयाळ स्पर्श’ ही शिष्यवृत्ती जाहीर केली. सहावी ते नववीच्या विद्यार्थ्यांना वर्षाला सहा हजार रुपये, देशभर मिळून ९२० शिष्यवृत्त्या. प्रश्नमंजूषा व प्रकल्प यांवरून निवड. अर्जासाठी ज्या अटी आहेत त्यांतली एक येथे विशेष महत्त्वाची: विद्यार्थ्याच्या शाळेत तिकीटसंग्राहक मंडळ असावे व तो त्याचा सभासद असावा, मंडळ नसल्यास त्याचे स्वतःचे ठेव-खाते असावे. १८९७ साली ज्या मंडळात शिरण्यासाठी इंग्रजी, पैसा व शिफारस लागे, तसे मंडळ आता तालुक्याच्या कोणत्याही शाळेने स्थापावे म्हणून सरकारच उत्तेजन देत आहे. बारामतीस मुख्य डाकघर आहे, इंदापूरला उपडाकघर आहे. दोन्ही तालुक्यांत शाळा-महाविद्यालये विपुल आहेत, बारामतीचे तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय तर १९६२ पासूनचे. बाह्य साधनांची अडचण आता नाही. तथापि अटीतला पर्याय नीट वाचला पाहिजे. मंडळ किंवा खाते, यांतले कोणतेही एक चालते. खाते हे एका ग्राहकाचे विक्रेत्याशी असलेले नाते होय. मंडळ हे संग्राहकांचे परस्परांशी असलेले नाते. शिष्यवृत्तीपुरते दोन्ही सारखे असले, तरी आकड्याचे गाव ओळखण्याचे, लखोटे ताडून पाहण्याचे काम खात्याने कधी केलेले नाही आणि करताही येणार नाही. शाळेच्या मंडळाने नवी तिकिटे तेवढी विकत घेतली, तर त्याला मंडळ म्हणण्याचे कारण उरत नाही.

आणि येथे काळाची निकड आहे. उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले व भीमाकाठची गावे उठली. जुने पळसदेव पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात जलाशय ओसरला म्हणजे तेथील देवळाचे शिखर उघडे पडते. गाव उठताना माणसे दारे, वासे, भांडी, देव बरोबर नेतात; पत्रांचे गाठोडे हे सर्वांत शेवटी आठवते आणि सर्वांत आधी टाकले जाते. जे उठले नाहीत त्यांच्याही घरी वाडे पाडून सिमेंटची घरे होत आहेत आणि रद्दीचा भाव किलोवर ठरतो. नवी पत्रे तर येतच नाहीत. पत्रलेखन थांबले आहे. त्यामुळे या तालुक्यांचा टपाली पुरावा यापुढे वाढणार नाही, तो आहे तेवढाच आहे.

तो गोळा करणाऱ्याला वर्गीकरणाचा पहिलाच प्रश्न अडवील. १५ ऑगस्ट १९७२ पासून देशात पिन क्रमांक आले. पुणे शहराचा क्रमांक ४११ ने सुरू होतो आणि जिल्ह्याच्या बऱ्याच ग्रामीण भागाचा ४१२ ने. बारामतीचा मात्र ४१३१०२, इंदापूरचा ४१३१०६, वालचंदनगरचा ४१३११४, दौंडचा ४१३८०१. आणि ४१३००१ हा सोलापूरचा. महसूल खात्याने हे तालुके पुण्याला जोडले, टपाल खात्याने ते सोलापूरच्या बाजूला टाकले; १८५८ साली डिकसळवरून पूर्वेला गेलेल्या रुळांचीच ही दिशा. जिल्हावार वही करणारा संग्राहक बारामतीचे कार्ड पुण्याच्या पानावर लावील. शिक्क्यांप्रमाणे व मार्गाप्रमाणे वही करणारा ते दौंड आणि सोलापूर यांच्यामध्ये ठेवील.